दुष्काळातली जत्रा आणि तमाशाचा इसार : एका गावाचं प्रकरण

हे प्रकरण एप्रिल 2016 मधलं, अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावाचं. गावाचं, तमाशाच्या फडाचं (म्हणजे संचाचं) आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. त्या उन्हाळ्यात मी या भागातल्या गावबैठकांना जात होतो आणि इथला निर्णय कसा होत गेला ते जवळून पाहिलं.

दुष्काळ पडला, पूर आला, भूकंप झाला की आपल्याकडे पहिला उद्गार ठरलेला असतो : आता नाचगाणी बंद करा. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण बंद केल्यानं नेमकं काय वाचतं आणि त्याचा भुर्दंड कोणाच्या डोक्यावर बसतो, हे बसून मोजलं जात नाही. या गावानं ते बऱ्यापैकी मोजलं. सगळं नीट जमलं असं नाही. एका बाबतीत तर गाव स्पष्टपणे चुकलं. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

2014 आणि 2015 असे लागोपाठ दोन पावसाळे मराठवाड्यात कोरडे गेले. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. लातूर शहर, अंबाजोगाई, केज, कळंब यांची तहान त्याच्यावर भागते. धरण आटलं तसं सगळं कोलमडलं. मार्च 2016 मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी 144 कलम लावावं लागलं. 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून 10 वाघिणींची पहिली पाणीगाडी 5 लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे तिथं हजर होते.

आपलं गाव तीनशेएक उंबऱ्यांचं. विहिरींनी जानेवारीतच तळ दाखवला होता. टँकर दिवसाआड, तोही आला तर. त्या वर्षी ऊसच कमी, त्यामुळे तोडीला गेलेल्या टोळ्या लवकर परतल्या होत्या आणि उचल (कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) फिटली नाही म्हणून टोळ्या नेणाऱ्या मुकादमाचे फोन सुरू होते. निम्म्याहून जास्त जनावरं चार-पाच किलोमीटरवरच्या चारा छावणीत, आणि जनावरांमागं घरातलं एक माणूस तिथंच मुक्कामाला. शिकलेली पोरं चाकण, भोसरीकडे कामाला. फेब्रुवारीत गावातल्या एका तरुण शेतकऱ्यानं आत्महत्या केली होती. त्याचं घर जत्रेच्या मैदानाला लागून आहे.

जत्रा मारुतीची, हनुमान जयंतीला. त्या वर्षी ती 22 एप्रिलला होती. पालखी, भंडारा, कुस्त्यांचा आखाडा आणि रात्री तमाशा असा रिवाज. तमाशाचा इसार, म्हणजे ठरवताना द्यायची आगाऊ रक्कम, जत्रा कमिटीनं जानेवारीतच देऊन ठेवला होता. चिन्हं तेव्हाही बरी नव्हती, पण 'तोवर बघू' म्हणून इसार गेला.

फड नामांकित नव्हता. गुढीपाडव्याला नारायणगावात राहुट्या टाकून सुपाऱ्या घेणारे मोठे फड वेगळे. हा तीसएक माणसांचा, दोन गाड्यांचा, बीड-लातूर-उस्मानाबादच्या जत्रांवर जगणारा फड. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, पण खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या जत्रांची. बाकीचं वर्ष उचलीवर जातं. कलावंत मालकाकडून उचल घेतात, मालक सावकाराकडून. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड माणसाला हे व्यवहार समजावून सांगावे लागत नाहीत.

प्रश्न कसा उभा राहिला

त्या वर्षी करमणुकीच्या दुनियेनं दुष्काळाची दखल बऱ्याच तऱ्हांनी घेतली होती. 2015 मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना 15 हजारांची मदत वाटत 'नाम' संस्थेचं काम उभं केलं, त्याची सुरुवात याच पट्ट्यात झाली. आमिर खान आणि किरण राव यांचं पानी फाउंडेशन 2016 च्या सुरुवातीला आलं. पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातले तीनच तालुके निवडले होते : वरूड, कोरेगाव आणि आपलं अंबाजोगाई. गावागावांत स्पर्धा लावायची, दिवस ठरवायचे, गुण द्यायचे, विजेता जाहीर करायचा. ही टीव्हीवरच्या कार्यक्रमाची रीत पाणलोटाच्या कामाला लावली होती. स्पर्धा 20 एप्रिलला सुरू होणार होती, म्हणजे जत्रेच्या आदल्या दिवसाच्याही आधी. गावानं नाव नोंदवलं होतं आणि माणसं प्रशिक्षण घेऊन आली होती.

त्यातच 13 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला. 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवा. मुंबई, पुणे, नागपूरची मैदानं भिजवायला लागणारं पाणी हा त्या याचिकेचा मुद्दा होता. बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. पारावरच्या बैठकीत चाकणहून सुटीवर आलेल्या एका पोरानं ती सरळ समोर मांडली :

"तिकडं कोर्टानं क्रिकेट हालवलं. आन आपुन हितं टँकरचं पानी पिऊन बाया नाचवायच्या? लोकं काय म्हनतील?"

पाच-सहा पोरं त्याच्या बाजूची. जुन्या माणसांचं म्हणणं उलट. कमिटीतले एक आबा बहात्तरचा दुष्काळ पाहिलेले. ते म्हणाले, "बहात्तरला खडी फोडत व्हतो, मिलो खात व्हतो, तरी पालखी उठली. देवाचं कामून मोडायचं?" पण पालखीला कोणाचाच विरोध नव्हता. वाद होता तो तमाशावर.

बैठकीला वळण लागलं ते बचत गटातल्या बायांमुळे. त्या मागं बसलेल्या, आणि बराच वेळ त्यांना कोणी विचारलंच नाही. शेवटी एकीनं विचारलं, "तमाशाला पानी किती लागतंय?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. मग त्याच हिशोब करायला बसल्या. फडाच्या माणसांना प्यायला आणि हातपाय धुवायला लागेल ते फार तर काही पिंपं. खरं पाणी जातं पाहुण्यांवर. जत्रेला घरटी चार-सहा पाहुणे, दोन दिवस मुक्काम, त्यांच्या आंघोळी, आणि वरून भंडाऱ्याच्या पंगती, भांडी. आखाड्याची माती भिजवायची ती वेगळीच. तमाशा बंद करून एक हंडासुद्धा वाचणार नव्हता. भंडारा आणि पाहुणे थांबवले तर गावाचा तीन-चार दिवसांचा टँकर वाचणार होता.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. आयपीएलच्या बाबतीत पाणी आणि करमणूक यांचा संबंध थेट होता, मैदानच भिजवायचं होतं. गावानं तोच दाखला उचलला, पण गावाचं पाणी वेगळीकडे मुरत होतं. हे बायांना आधीपासून ठाऊक होतं, कारण हंडे त्याच वाहत होत्या.

मग प्रश्न उरला पाण्यापलीकडचा. गावात दोन महिन्यांपूर्वी तरणं पोर गेलेलं, माणसं कर्जात, आणि आपण ढोलकीवर बसायचं का?

समोर आलेले पर्याय

सगळं रद्द करणं हा पहिला. सोपा आणि दिसायला सभ्य. पण इसार परत मिळणार नव्हता. फडाच्या व्यवस्थापकानं फोनवर स्पष्ट सांगितलं की त्याच पंधरवड्यातल्या त्याच्या तीन सुपाऱ्या मोडल्या आहेत, इसाराचे पैसे डिझेल आणि उचलीत कधीच गेले. "तुमचा बी दुष्काळ, आमचा बी दुष्काळच हाय दादा," असं तो म्हणाला. फडातली अर्धी माणसं याच तीन जिल्ह्यांतली होती. त्यांची गावं काही हिरवी नव्हती.

नेहमीसारखी रात्रभर जत्रा करायची, हा दुसरा. त्याच्या बाजूनं बोलणारे थोडे, आणि तेही मनापासून नव्हते.

दिवाळीपर्यंत पुढं ढकलावं, असं सरपंचांनी सुचवलं. व्यवस्थापकानं विचारलं, दिवाळीपर्यंत आम्ही काय खायचं? याला उत्तर नव्हतं.

तमाशाचे पैसे श्रमदानाला वळवू, हे पोरांना फार पटलेलं. ऐकायला चांगलं वाटतं. पण जत्रेची पट्टी अजून गोळाच झाली नव्हती, आणि त्या वर्षी कोणाच्या घरातून ती निघणार होती? जो पैसा हातात नाही तो वळवायचा कसा? सार्वजनिक कामांत ही गफलत मी वारंवार पाहिली आहे. समारंभ रद्द करून वाचलेल्या पैशाचं मोठं बोललं जातं, आणि तो पैसा कागदावरसुद्धा नसतो.

तिकीट लावून मदतीचा खेळ करावा, असं एका शिक्षकानं सुचवलं. शहरात कलावंतांनी कार्यक्रम केला आणि तो पैसा इकडे आला, तर ते खरंच उपयोगी आहे. पण इथं तिकीट काढणारा आणि मदत लागणारा माणूस एकच होता. ज्याच्या दारात टँकर येत नाही त्याच्याच खिशातून वीस रुपये काढून त्यालाच मदत द्यायची, याला अर्थ नव्हता.

मधल्या दिवसाचं एक उदाहरण मात्र कामी आलं. 14 एप्रिलला बाबासाहेबांची 125 वी जयंती होती. वस्तीतल्या मंडळानं डीजे काढून टाकला, मिरवणूक छोटी ठेवली, पण गायन पार्टी ठेवली. ठरलेल्या गायकांना ठरलेले पैसे दिले. रात्री साडेनवापर्यंत भीमगीतं झाली, अर्धं गाव ऐकायला होतं. कमिटीतल्या एका नानांनी बैठकीत ते मान्य केलं : "त्यांनी खर्च कापला, पर मानूस न्हाई कापला." पुढचा मार्ग तिथूनच निघाला.

शेवटचा पर्याय एका छावणीत राहणाऱ्या मावशींनी दिला. त्या नात्यातल्या कोणाच्या तरी निरोपासाठी गावात आल्या होत्या. म्हणाल्या, "गावात कामून करायलाव? गावात हाय कोन? मानसं तर छावनीत हायत. दोन महिनं झालं, रात्री नुसतं जनावरांचं तोंड बघत बसायलोत."

काय ठरलं

फड अर्धा बोलवायचा. कनाती नाहीत, रंगमंच नाही, एकच गाडी. पहिली रात्र, 21 एप्रिल, छावणीत. दुसरी, 22 ला, गावात. गावातला खेळ रात्री दहाच्या आत संपवायचा, कारण सकाळी श्रमदान होतं. ध्वनिक्षेपकाचा कायदाही दहाचाच आहे. भंडारा नाही, फक्त नारळ-खडीसाखर. आखाडा नाही. पाहुण्यांना सांगायचं की यंदा येऊ नका. लेकी माहेरी येतील त्यांना मात्र अडवायचं नाही, हे बायांनी ठरवून घेतलं. पैसे म्हणून आधीचा इसार आणि वर ठरलेल्या रकमेचा काही भाग. तो भोसरी-चाकणच्या पोरांनी जमवला. पारावर सगळ्यात जोरात विरोध केलेल्या पोराचाही त्यात वाटा होता.

एक गोष्ट बाकी होती. मैदानाला लागून असलेल्या घरी विचारायला कोण जाणार? काही जण म्हणाले, विचारायचं कशाला, जागा बदलू. आबांनी ऐकलं नाही. ते आणि बचत गटातली एक बाई, दोघं गेले. गेलेल्या पोराची आई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. फार बोलली नाही. "करा," म्हणाली. "माझ्या लेकाचं नाव कुनी घिऊ नका. आन कर्जावर हासू नका." आत तिची दोन नातवंडं होती. त्यातली मोठी विचारत होती की जत्रा आहे का नाही. तिलाही पाठवते, असं आजीनं सांगितलं.

ही भेट झाली नसती तर बाकी सगळा आराखडा कागदी राहिला असता, असं माझं मत आहे. कोणत्या विनोदाला जागा आहे आणि कोणत्या नाही, हे ज्याचं दुःख आहे त्यानं सांगायचं असतं. जागा बदलून टाकणं म्हणजे त्या घराला गावातून वगळणं झालं असतं.

प्रत्यक्ष काय झालं

कमिटीनं व्यवस्थापकाला आजीच्या दोन अटी कळवल्या आणि सोंगाड्याला, म्हणजे फडातल्या विनोदी नटाला, एक दिवस आधी पाठवायला सांगितलं. तमाशाचा क्रम सगळ्यांना माहीत असतो : गण, गवळण, बतावणी, वग. त्यातली बतावणी ही त्या त्या गावापुरती, त्या त्या दिवसापुरती रचलेली असते. सोंगाड्या हजरजबाबी असेल तर गावातली गोष्टच गावाला ऐकवतो. हा साठीचा माणूस होता. दिवसभर छावणीत फिरला, चारा वाटपाच्या रांगेत उभा राहिला, दोन म्हाताऱ्यांबरोबर चहा प्यायला. काही लिहून घेतलं नाही.

छावणीतला खेळ सुरुवातीला फसला. साऊंडवाल्यानं सवयीनं दोन मोठे कर्णे लावले आणि गणाआधी हलगी कडाडली. जनावरं त्या आवाजाला सरावलेली नव्हती. एका बैलानं दावं तोडलं आणि तो गव्हाणींमधून उधळला. त्याच्यामागं आणखी दोघं-तिघं ओढाताण करायला लागले. वाढ्याच्या पेंढ्या तुडवल्या गेल्या. एका माणसाच्या पायावर खूर पडला, सुदैवानं हाड शाबूत राहिलं. छावणीचालक खेळ बंद करा म्हणून ओरडत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

अर्धा-पाऊण तास जनावरं शांत करण्यात गेला. मग सोंगाड्या उठला. त्यानं कर्णे उतरवायला लावले, हलगी पोत्यात गुंडाळून ठेवायला सांगितली. फक्त तुणतुणं, मंजिरी आणि हातानं दाबून वाजवलेली ढोलकी. "जवळ या," म्हणाला. दीडेकशे माणसं एका बॅटरीच्या दिव्याभोवती दाटीनं बसली, बाया एका बाजूला, पोरं मांडीवर.

बतावणी अशी सुरू झाली :

"कारं, घागर घिऊन कुठं निघालास?"

"सासरवाडीला."

"सासरवाडीला? घागर घिऊन?"

"सासरा म्हनला, जावईबापू, हुंडा काय घ्याल? म्या म्हनलं, हुंडा नगं मामा, एक भरल्याला हंडा द्या."

"मग?"

"मग काय! सासरा डोक्याला हात लावून बसला. म्हनला, हुंडा मागा जावईबापू, म्हैस इकून दिऊ. हंडा कुठून आनू?"

हसण्याचा आवाज आला तो आधी बायांच्या बाजूनं. पाणी नसलेल्या गावात पोरगी द्यायला कोणी तयार होत नाही, ही त्या काळात घराघरांतली ठसठस होती. तिच्यावर कोणीतरी चारचौघांत बोट ठेवलं होतं, आणि तेही टोचेल असं नाही.

पुढं विषय टँकरवर आला. छावणीचा टँकर म्हणजे नवी नवरी, येणार येणार म्हणून सगळ्यांनी रस्त्याकडं बघत बसायचं आणि ती यायची भर दुपारी बाराला, असं काहीसं. समोर तलाठी बसलेला होता. सोंगाड्याला ते माहीत होतं. तलाठीही हसला, पण लोक त्याच्याकडे वळून हसत होते. कर्ज, बँक, विमा यांचं नावही निघालं नाही.

दुसऱ्या रात्री गावात राजा-प्रधानाचा जुना वग झाला, आटोपशीर. श्रमदान करून आलेली माणसं अंगावरच्या मातीसकट बसली होती. पावणेदहाला आरती झाली. आजीनं नातीला पाठवलं होतं, ती शेजारणीच्या मांडीवर झोपून गेली.

निकाल काय लागला

पाणी वाचलं. भंडारा आणि पाहुणे नसल्यामुळे जत्रेच्या आठवड्यात जादा टँकर मागावा लागला नाही. तमाशा झाला म्हणून कोणाच्या घरात हंडा कमी पडला, अशी तक्रार एकही आली नाही.

छावणीत दुसऱ्या दिवशी तलाठ्यानं टँकरच्या वेळा फलकावर लिहायला लावल्या आणि पहिली खेप सकाळी आणायला सांगितली. ही मागणी छावणीतली माणसं तोंडी करतच होती. सगळ्यांसमोर ती हसत बोलली गेल्यावर तिला वजन आलं. बतावणीनं हे आपल्याकडे पूर्वीपासून केलं आहे. सत्यशोधक जलशांपासून शाहिरांपर्यंत सगळ्यांनी हेच हत्यार वापरलं.

जत्रेमुळे श्रमदानाला जोर आला, असं काही जण सांगतात. मला तसं दिसलं नाही. हजेरी आधी होती तितकीच राहिली आणि मे महिन्याच्या उन्हात थोडी घटली. स्पर्धा 5 जूनला संपली. राज्यात 116 गावं उतरली होती, पहिलं बक्षीस साताऱ्याकडच्या वेळू गावाला गेलं. आपल्या गावाला बक्षीस मिळालं नाही. बांध-चर मात्र झाले. त्या वर्षी पाऊसही चांगला झाला, मांजरा धरण भरलं, आणि त्या चरांत पाणी उभं राहिलं. करमणुकीच्या खात्यात यातलं काही जमा करायचं कारण नाही. माणसं दोन महिन्यांनी एकत्र बसली, हसली, घरच्यांशी नीट बोलली, एवढं झालं आणि ते माझ्या लेखी पुरेसं आहे.

पोरांपैकी दोघांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. गावात मयत झालेली असताना ढोलकी वाजायला नको होती, असंच ते आजही म्हणतात. त्यांचा आदर ठेवूनही मी त्यांच्याशी सहमत नाही. मयताचं सुतक तेरा दिवसांत फिटतं. दुष्काळाला तेरावा नसतो. तो आठ-दहा महिने उशाशी बसतो. तेवढे दिवस गावानं तोंड मिटून राहायचं ठरवलं, तर मिटलेल्या तोंडांचं काय होतं ते फेब्रुवारीत दिसलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, नाचणाऱ्या बाया. अर्धा फड बोलवायचा म्हटल्यावर कोणाला वगळायचं हे कमिटीनं सांगितलं नव्हतं, पण 'दुष्काळात लावणी बरी दिसणार नाही' असा सूर बैठकीत होता आणि व्यवस्थापकानं तो बरोबर ओळखला. त्यानं वादक आणि सोंगाडे आणले, नाचणाऱ्या सगळ्या जणी मागं ठेवल्या. गवळणीत मावशीचं सोंग घेणारा पुरुष होता, गवळणी नव्हत्या. त्या दोन रात्रींचा पैसा त्या बायांना मिळाला नाही. गावानं माणूस कापायचा नाही असं ठरवलं होतं, आणि तरी फडातली सगळ्यात हलाखीतली माणसं पहिल्यांदा कापली गेली, ती सभ्यतेच्या नावाखाली. यातल्या काही जणी एकट्या कमावणाऱ्या, पोराबाळांच्या आया होत्या. चार लावण्यांनी त्या गावाच्या दुःखाचा अपमान झाला नसता. आजीनं घातलेल्या दोन अटींत नाचू नका ही अट नव्हती. कमिटीनं ती स्वतःच गृहीत धरली. आधी फडाची यादी मागवून, कोण येणार आणि न येणाऱ्यांना किती मिळणार, हे फोनवर दहा मिनिटांत ठरवता आलं असतं.

दुसरं, छावणीची जागा. जनावरांपासून दोनशे-तीनशे पावलं लांब मोकळं शेत पडून होतं. साऊंडवाल्यालाही सोंगाड्यासारखं आधी पाठवलं असतं, तर त्यानं ते पाहिलं असतं.

तिसरं, बायांचा हिशोब पहिल्याच बैठकीत पहिल्यांदा मांडला गेला असता तर दोन दिवसांची भांडणं टळली असती. पाण्याच्या कुठल्याही वादात पाणी भरणाऱ्याला आधी विचारावं.

खेळणीवाले, रेवड्या-गोडीशेवेचे पालवाले, पाळणेवाले यांचा विचार कोणीच केला नाही. पाहुणे नाहीत म्हणजे गिऱ्हाईक नाही. त्यांतले दोघं-तिघं सवयीनं आले आणि रात्रीच परत गेले. निदान निरोप तरी द्यायला हवा होता.

हीच पद्धत अचानक आलेल्या संकटाला जशीच्या तशी लावू नये. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तो पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर काही तासांत. सप्टेंबर 2025 मध्ये सीना, मांजरा, गोदावरीला महापूर आले तेव्हा नवरात्र सुरू होतं. अशा वेळी पहिले दिवस रंगमंचाचे नसतातच. मंडळाकडे जे असतं ते जनरेटर, ताडपत्री, मोठी भांडी, दिवे आणि रात्री जागणारी पोरं, आणि तेच आधी कामाला लावावं लागतं. कलावंतांची वेळ नंतर येते, निवाऱ्यातले दिवस लांबायला लागले की. तेव्हा छावणीतल्या मावशींनी विचारलं तसं कोणी विचारायची वाट न बघता, जाऊन विचारावं.

2017 च्या जत्रेला पूर्ण फड आला, नाचणाऱ्या बायांसह. त्या वेळी कमिटीनं फडाबरोबर साध्या कागदावर करार केला. तालुका दुष्काळी जाहीर झाला किंवा गावावर आपत्ती आली तर खेळ छोटा होईल पण मोडणार नाही. छोटा झाला तर इसाराशिवाय अर्धी रक्कम मिळेल. ती येणाऱ्या-न येणाऱ्या सगळ्या कलावंतांत सारखी वाटली जाईल. आणि ज्या घरात वर्षभरात अकाली मयत झाली आहे तिथं विचारल्याशिवाय तारीख पक्की होणार नाही. तिसरं कलम व्यवस्थापकाला फारसं रुचलेलं नव्हतं. आपल्या फडातली वाटणी गावानं ठरवू नये, असं त्याचं म्हणणं. ते कलम राहावं म्हणून बचत गटातल्या बाया अडून बसल्या आणि सही त्यांच्यासमोर झाली.